मोटार पाहावी घेऊन

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला दरसाल कुणीतरी बाहेरच्या विदुषी येतात आणि आपण सतरंजीवर बसून त्यांचे विचार ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला धरले. म्हणाल्या, "तुम्ही चार महिने मोटारीच्या दुकानांचे उंबरे झिजवलेत, त्यावर बोला." मी म्हटले, "अहो, हा का भाषणाचा विषय!" तर म्हणाल्या, "आपल्यातल्या निदान तिघींच्या घरी हाच घोळ चालला आहे. त्यांना तरी उपयोग होईल." तेव्हा आजचे बोलणे विद्वत्तेचे नव्हे, हिशेबाचे आहे. तीस वर्षे मी शाळेच्या कचेरीत हिशेब लिहिले, ती खोड अजून गेलेली नाही, एवढे सांभाळून घ्या.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुने लोक म्हणत. ज्यांनी ही म्हण केली त्यांच्या काळी मोटार नव्हती, म्हणून तिसरे कलम राहून गेले.

आमची जुनी मोटार २०१० सालची. तुमच्यापैकी बऱ्याच जणी तिच्यातून हळदीकुंकवाला गेल्या-आल्या आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले, तेव्हा ती बिचारी बसायच्या गाद्यांपर्यंत पाण्यात उभी होती. दुरुस्त झाली खरी, पण तिच्या अंगात काहीतरी राहिले ते राहिलेच. डावीकडे वळले की भोंगा आपोआप वाजायचा. २०२५ साली तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरत आली. त्यातच सासूबाईंना दर पंधरा दिवसांनी मिरजेला दवाखान्यात न्यावे लागू लागले. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. सांगली-मिरज अंतर ते किती! पण रिक्षाच्या प्रत्येक गचक्याला त्यांच्या पाठीतून कळ निघते, आणि त्या तोंडातून शब्द काढत नाहीत, नुसता माझा हात दाबतात. तो दाबलेला हात मला बघवेना. माझ्या फंडाचे पैसे बँकेत होते. त्यांतून मोटार घ्यायची असे घरात ठरले.

सासूबाई त्यांच्या वेळची गोष्ट सांगतात. त्या काळी मोटार घ्यायची तर देशात मुख्य नावे तीन : कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसॅडर, मुंबईला कुर्ल्यात होणारी फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. माझ्या सासऱ्यांनी फियाटसाठी नाव घातले तेव्हा आमचे हे पाळण्यात होते, आणि फियाट दारात आली तेव्हा हे पाटी घेऊन शाळेत जाऊ लागले होते. रंग कोणता हे विचारायची पद्धतच नव्हती, येईल तो आपला. पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हाती पडली, तरी वाट पाहणे काही लगेच संपले नाही. तेव्हाचे दुःख एकच होते, मोटार मिळत नाही. आता दुकाने मोटारींनी भरलेली आहेत, आणि तरीही आपल्याला हवी ती मिळत नाही. हे नवे दुःख जुन्याहून चमत्कारिक आहे, कारण ते कुणाला सांगावे तर लोक हसतात.

आम्ही पहिल्या दुकानात गेलो तो प्रसंग सांगते. दुकानाचे नाव घेत नाही, कारण पुढे गेलेल्या चारही ठिकाणी थोड्याफार फरकाने तेच झाले. आत गेल्याबरोबर एका मुलीने माझे नाव नव्हे, तर दूरध्वनीचा नंबर विचारला. किंमत विचारली तर म्हणे आधी नंबर. नंबर दिला, आणि त्या दिवसापासून दोन बँका, तीन विमेवाले आणि एक काचेला काळा कागद लावणारा असे सहा जण मला रोज दुपारी, नेमक्या डोळा लागायच्या वेळी, आठवणीने हाक मारू लागले. मग एक तरुण विक्रेता आला. बोलायला गोड, अंगावर इस्त्रीचा शर्ट. त्याने यांना खुर्ची दिली आणि यांनाच इंजिनाची शक्ती, टायरची रुंदी सांगू लागला. आता आमच्या ह्यांनी जन्मात सायकलीपलीकडे वाहन हाकलेले नाही. २००७ साली आपल्याच मंडळातल्या आम्ही सहा जणी मिळून मोटार शिकलो, हे तुम्हांला ठाऊक आहे. घरात चालवते मी, पैसे माझे. पण त्या मुलाने मला सगळ्या वेळात दोनच प्रश्न विचारले : "मॅडम, रंग कोणता?" आणि "मॅडम, चहा की कॉफी?" हे मात्र मजेत मान डोलावत होते. शेवटी त्याने विचारले, "मग साहेब, चालवून बघणार?" तेव्हा यांनी शांतपणे माझ्याकडे बोट केले. त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पण तो मुलगा वाईट नव्हता. त्याला शिकवलेच तसे होते. खरी अडचण पुढे आहे.

मी घरून यादी करून नेली होती. माझी उंची चार फूट अकरा इंच, तेव्हा चालकाची गादी वरखाली करता आली पाहिजे, नाहीतर बॉनेटपुढचा रस्ता मला दिसतच नाही. आपल्याकडच्या पावसात मागची काच पुसणारा वायपर हवा. नातू चार वर्षांचा आहे, त्याची खुर्ची पक्की अडकवायला मागे आयसोफिक्सच्या कड्या हव्यात. अपघातात फुगणाऱ्या हवेच्या उशा, म्हणजे एअरबॅग, सहा हव्यात. आणि सासूबाईंना विनासायास चढता-उतरता आले पाहिजे. झाली यादी. यात चैनीचे काही आहे का तुम्हीच सांगा.

तर हल्ली एकाच मोटारीच्या सात-आठ आवृत्त्या असतात, त्यांना व्हेरियंट म्हणतात. सर्वांत खालच्या आवृत्तीत गादी वर होत नाही. दुसरीत होते, पण मागचा वायपर नाही. वायपर हवा तर चौथी घ्या, आणि चौथीत काय, तर छताला काचेची खिडकी, जिला सनरूफ म्हणतात, पाटाएवढा पडदा आणि चाकांना नक्षी. मी म्हटले, "बाबा, मला खिडकी नको, नुसता वायपर दे, त्याचे पैसे घे." तो म्हणाला, "कंपनीत तसे होत नाही, मॅडम." म्हणजे असे बघा, तुम्ही परकराचे कापड घ्यायला जावे आणि दुकानदाराने म्हणावे की परकराचे कापड फक्त शालूबरोबर मिळते. वायपरची किंमत ती काय, आणि त्यासाठी दीड लाख वर! सांगलीच्या एप्रिलमधल्या उन्हात डोक्यावर काच घेऊन कोण बसणार? लग्नाच्या वरातीत त्या खिडकीतून मुले अर्धी बाहेर काढून उभी केलेली मी पाहिली आहेत, आणि माझ्या पोटात गोळा उठला आहे.

त्या पडद्याचेही तसेच. पूर्वी गार वारा कमीजास्त करायला एक गोल कळ असे. हात घातला, फिरवली, डोळे रस्त्यावर. आता अनेक मोटारींत ते सगळे काचेच्या पडद्यावर गेले आहे, आणि बोट कुठे ठेवावे हे बघायला मान खाली घालावी लागते. आमच्या सूनबाई म्हणतात, "आई, सवय होते." होत असेल. पण अंकली पुलावर मागून ट्रक आलेला असताना मला ती सवय लावून घ्यायची नाही.

एअरबॅगबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. आपल्या देशात चालकापुढची उशी सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या आसनापुढची २०२१ साली. सहा उशा ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीच्या करण्याचा सरकारचा विचार होता, पण ती सक्ती झाली नाही. तरी अलीकडे काही कंपन्यांनी आपण होऊन सगळ्या आवृत्त्यांत सहा उशा दिल्या आहेत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तेव्हा 'सहा आहेत' एवढे ऐकून थांबू नका, 'मी घेते त्या आवृत्तीत आहेत का' असे विचारा. तसेच ते तारे. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' नावाची आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. त्यात मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर अर्धवट बाजूने आदळवतात, आणि मोठ्यांच्या बचावाला वेगळे व मुलांच्या बचावाला वेगळे, असे पाचपर्यंत तारे देतात. ही चाचणी ऐच्छिक आहे. एका दुकानात मी विचारले, "ह्या मोटारीला किती तारे?" तर विक्रेत्याने दारावर टकटक करून दाखवले आणि म्हणाला, "पत्रा बघा मॅडम, काय जाड आहे!" मैत्रिणींनो, टकटक करून नारळ पारखतात. मोटारीचा जीव पत्र्यात नसून आतल्या सांगाड्यात असतो.

आणि उशा कितीही असल्या तरी पट्टा बांधल्यावाचून त्यांचा उपयोग नाही, मागे बसणाऱ्यांनीसुद्धा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. तेवढी भारी मोटार, पण मागच्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते. सासूबाईंना हे सांगितल्यापासून त्या पट्टा मागून घेतात. इतकेच की पट्टा पदराखालून जावा असा त्यांचा हट्ट असतो.

आता चढण्या-उतरण्याचे. ह्या एका गोष्टीसाठी मी सर्वांत जास्त हिंडले आणि सर्वांत जास्त हसून घेतले. सासूबाईंचा एक गुडघा बदललेला आहे. मी शिवणाची टेप घेऊन गेले आणि प्रत्येक मोटारीत जमिनीपासून गादीपर्यंतची उंची मोजली. विक्रेते आधी हसले, मग चुपचाप टेपचे दुसरे टोक धरू लागले. बुटक्या मोटारींत गादी वीस इंचांच्या आसपास, म्हणजे बसताना धपकन पडायचे आणि उठताना दोघांनी ओढायचे. हल्ली ज्यांची फार चलती आहे त्या उंच, जीपसारख्या मोटारींत गादी अठ्ठावीस इंचांपर्यंत, म्हणजे पाट ठेवून चढायचे. सासूबाईंना सोसली ती बावीस ते चोवीस इंच. पलंगावर बसावे तशी पाठमोरी टेकता आली पाहिजे, मग दोन्ही पाय एकदम आत. शिवाय दार काटकोनाजवळ उघडते का, खाली उंबरा किती, आणि डोक्यावर धरायला कडी आहे का, हेही पाहावे लागते. माहितीपत्रकात मोटारीची लांबी-रुंदी असते, डिकीत किती लिटर मावते तेही असते, पण म्हातारे माणूस किती इंचांवर बसेल हे मी पाहिलेल्या एकाही पत्रकात नव्हते. दुसऱ्या दुकानात सासूबाईंना प्रत्यक्ष नेले. तिथे फरशी इतकी गुळगुळीत की त्यांची काठी घसरायला लागली. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "मोटार राहू दे, आधी इथून बाहेर काढ."

लहान मोटारींची डिकी अशी कापून काढल्यासारखी का असते, याचे मला फार दिवस कोडे होते. त्याचे कारण करात आहे. २००६ सालच्या अंदाजपत्रकात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरचा कर कमी केला गेला, म्हणजे पेट्रोलवर बाराशे सी.सी.पर्यंत आणि डिझेलवर पंधराशेपर्यंत. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपली मोटार चार मीटरांत बसवू पाहते. कापड कमी पडले की शिंपीण जशी बाहीला कात्री लावते, तशी यांनी डिकीला कात्री लावली. त्यात पुन्हा गॅसवर चालणारी घ्यावी तर टाकी डिकीतच बसते, मग चाकाची खुर्ची ठेवायची कुठे? काही कंपन्यांनी हल्ली एका मोठ्या टाकीऐवजी खालच्या बाजूला दोन लहान टाक्या बसवल्या आहेत, त्यात थोडी जागा उरते. सात आसनांची घ्या, असेही एकाने सुचवले. तिची मागची रांग उघडली की डिकी नाही, आणि त्या रांगेत बसायला माणूस नातवाएवढा हवा.

इंधनावर मी फार बोलत नाही, कारण त्यावर घरोघरी पुरुषमंडळी बोलतातच. एवढेच सांगते की पेट्रोलमध्ये आता शंभराला वीसपर्यंत इथेनॉल असते. तुमच्या-आमच्या माहेरच्या शेतातला ऊस त्यात आहे याचा आनंद आहे, पण लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, तेव्हा लिटरला अंतर थोडे घटणारच. पत्रकातला लिटरमागचा आकडा हा प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून काढलेला असतो. तिथे खड्डे नसतात, आणि गणपतीच्या गर्दीत तासभर उभे राहणेही नसते. विजेची मोटार मला मनातून आवडली, आवाज नाही, धूर नाही. पण आमची मोटार उभी राहते गल्लीत. वरच्या मजल्यावरून वायर सोडून ती रात्रभर भरायची तर शेजारच्यांनी काय म्हणावे? ज्यांच्या घराला स्वतःचे अंगण आहे त्यांनी मात्र तिचा जरूर विचार करावा.

चालवून पाहण्याचाही एक सोहळाच असतो. नेमून दिलेला दोन-तीन किलोमीटरांचा सरळ रस्ता, तोही बहुधा सर्वांत महागड्या आवृत्तीतून, आणि शेजारी बसलेला मुलगा गाणी लावून देतो. मी म्हटले, आम्हांला वर्षातून दोनदा आंबा घाटातून रत्नागिरीला जायचे असते, तेव्हा पाच माणसे बसवून, गार वारा चालू ठेवून, एखादा चढ चढू दे. तिघांनी नकार दिला. चौथ्याने दिले, आणि उड्डाणपुलाच्या चढावर मधोमध थांबून पुन्हा निघताना कळले की एक मोटार मागे घसरते आणि दुसरी घसरत नाही. हे सरळ रस्त्यावर जन्मात कळले नसते.

किमतीकडे आता येते. याच सुमारास सरकारने कर उतरवले. १५ ऑगस्ट २०२५ ला सूतोवाच झाले, ३ सप्टेंबरला निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून लहान पेट्रोल मोटारींवरचा कर उपकरासह शंभराला २९ होता तो १८ झाला. मोठ्यांवर सरसकट ४०. योग असा की २१ तारखेला सर्वपित्री अमावास्या झाली आणि २२ ला घटस्थापना, त्यामुळे आधीचा पंधरवडा कुणीही मोटार घेणारच नव्हते. १२९ चे ११८ झाले म्हणजे किंमत शंभराला साडेआठ रुपयांनी उतरायला हवी, आणि उतरली. पण ऑगस्टमध्ये जो विक्रेता चाळीस हजारांची सूट देतो म्हणत होता, त्याची सूट घटस्थापनेला गायब! म्हणाला, "सरकारनेच दिली ना, मॅडम!"

मग कोटेशनचा कागद. मोटारीची किंमत आठ लाख नव्वद हजार अशी पाटीवर होती. कागदावरची शेवटची बेरीज दहा लाख ऐंशी हजारांच्या घरात. मधले एक लाख नव्वद हजार कुठून आले? रस्त्याचा कर शंभराला अकरा, म्हणजे ९७ हजार ९००. तो द्यायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. नोंदणीची सरकारी फी सहाशे रुपये. इथवर ठीक. मग खाली : विमा ४४ हजार, 'आवश्यक साहित्य' १८ हजार, त्यात पायपुसणी, चिखल अडवायचे रबर आणि एक देवाची मूर्ती, वाढीव हमी, रंगावर लेप, आणि शेवटी 'हँडलिंग' म्हणून साडेआठ हजार. मी विचारले, "हे हँडलिंग म्हणजे काय?" तो म्हणाला, "मोटार गोदामातून इथवर आणायचा खर्च." मी म्हटले, "अरे, तुझ्या दुकानात माल आणायचा खर्च माझा कसा? वाणी कधी म्हणतो का, की गुळाची ढेप मार्केट यार्डातून उचलून आणली त्याचे वेगळे द्या?" मग मी एका कागदावर लिहिले : 'हा आकार कोणत्या सरकारी नियमाने घेता ते कृपया लेखी द्यावे.' खाली सही केली आणि व्यवस्थापकांकडे पाठवला. दहा मिनिटांनी नवे कोटेशन आले, त्यात ती ओळ नव्हती. कुणी एक अक्षर बोलले नाही. मूर्तीही गेली, पण आमच्या घरी देव आहेत.

विम्याचे नीट ऐका. नव्या मोटारीला दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा, तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून तसे आहे. स्वतःच्या मोटारीचा विमा मात्र वर्षाचा घेता येतो, आणि तो दुकानातूनच घ्यावा असे बंधन नाही. बाहेर चौकशी केली तर तोच विमा मला अकरा हजारांनी स्वस्त पडला. त्याहून महत्त्वाचे पुढेच आहे. दुकानाच्या विम्यात किल्ली हरवली तर भरपाई होती, मोटारीत ठेवलेल्या सामानाची होती, टायरचीही होती. पण पाण्याने इंजिन बिघडले तर? ते नव्हते! पुरात उभ्या असलेल्या मोटारीचे इंजिन चालू केले की आत पाणी शिरून ते मोडते, आणि साध्या विम्यात ही भरपाई बहुधा नाकारतात. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचे वेगळे कलम जोडून घ्यावे लागते. सांगलीत बसून, कृष्णाकाठी, किल्लीचा विमा विकतात आणि पुराचा विकत नाहीत, याला काय म्हणावे? ते कलम मी घेतले. तुम्हीही पॉलिसी काढून आजच बघा. आणि पाण्यातून निघालेली मोटार, काही झाले तरी, आपण होऊन चालू करू नका. ओढून न्यायला सांगा.

कर्जाबद्दल दोनच आकडे. पैसे रोख देते म्हटले की विक्रेत्याचा चेहरा पडतो. "थोडे तरी कर्ज घ्या मॅडम, महिना फक्त साडेसहा हजार" असा आग्रह होतो. चार लाख नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता ६ हजार ४३६ च्या आसपास, आणि व्याज एकूण सुमारे १ लाख ४० हजार. पाच वर्षांत फेडले तर हप्ता ८ हजार ३०० आणि व्याज ९८ हजार. 'फक्त' ह्या शब्दात बेचाळीस हजार रुपये दडलेले आहेत. आम्ही कर्ज घेतले नाही.

शेवटी दसऱ्याला नोंदवली ती कोणती, हे मी इथे सांगत नाही, नाहीतर उद्या सगळ्या तीच घ्यायला जाल आणि कुणाची गादी उंच पडली तर मला बोल लावाल. सहा उशा, तेवीस इंचांची गादी, धरायला कडी आणि मागचा वायपर. त्या वायपरपायी छताची खिडकीसुद्धा घ्यावी लागली. तिला मी आतून जाड कापडाचा पडदा शिवून लावला आहे. तीन आठवड्यांत देतो म्हणाले होते, आली मार्गशीर्षात. ताब्यात घेण्यापूर्वी मी चासी क्रमांक आणि उत्पादनाचा महिना मागितला, तर निघाला मार्च. नऊ महिने उन्हापावसात उभी असलेली मोटार नवी म्हणून पुढे केली होती. मी ती परत पाठवली आणि आणखी बारा दिवस थांबले. ह्यांना तो उशीर फार जाचला, कारण त्यांनी पेढे आणून ठेवले होते.

गेल्या पंधरवड्यात सासूबाईंना मिरजेला नेऊन आणले. येताना माझा हात दाबला नाही. अर्ध्या वाटेवर विचारले, "कसे वाटते?" तर म्हणाल्या, "फियाटचा भोंगा याच्यापेक्षा चांगला होता."

माझी वही, शिवणाची टेप आणि पायाखाली घ्यायचे लाकडी पाटले मंडळाच्या कपाटात ठेवले आहे. कोटेशनमधली कोणती ओळ द्यायची आणि कोणती विचारायची, त्याचा कागद सूचनाफलकावर लावला आहे. ज्या तिघींच्या घरी मोटारीचे चालले आहे, त्यांच्यापैकी दोघींबरोबर मी येत्या रविवारी सकाळी दहाला निघणार आहे. दहाला दुकानात गर्दी नसते आणि विक्रेत्याला बसून उत्तरे द्यायला वेळ असतो. तिसऱ्या बाईंनी यायचे असेल तर आजच सांगावे. पाचव्या माणसाची जागा आहे, फक्त मधल्या जागेवर बसावे लागेल. पट्टा तिथेही आहे.